येझदी रोडकिंग घरीच उभी करतोय, चासीला ग्राइंडर न लावता

मिरजेचा_पाना

नमस्कार मंडळी. काकांची येझदी रोडकिंग, जुनी टू स्ट्रोक मोटरसायकल, ८४ चं मॉडेल, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, वरचा पत्रा गळका, त्यामुळे टाकी आणि मडगार्ड चांगलेच गंजलेत आणि इंजिन जाम. आता ती माझ्याकडे आलीय आणि घराच्या मागच्या बाजूला फरशी टाकलेली जागा आहे तिथंच काम चाललंय. धागा काढायचं कारण म्हणजे सध्या जिथं बघावं तिथं जुन्या गाडीचं काम रंगापासून सुरू होतं. मला वाटतं रंग हे सगळ्यात शेवटचं काम. आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक आणि चाकं, मग वायरिंग, आणि हे सगळं होऊन गाडी रंगाविना शंभरेक किलोमीटर फिरली की मगच परत खोलून पेंटरकडे.

कागद आधी का, तर आरसी बुकातला चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. नंबर घासून पुसून नीट वाचा, फोटो काढा. १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याचा फॉर्म २५. गाडी नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०. पर्यावरण कर भरला नसेल तर तोही निघतो. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागतेच, महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी.

आता मुख्य मुद्दा. ही गाडी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९६० ला सुरू झाली, १९९६ ला बंद पडली. म्हणजे आज दुकानात रोडकिंगचा "नवीन" म्हणून जो पार्ट मिळतो तो एकतर कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला जुना स्टॉक असतो नाहीतर कुणीतरी नंतर बनवलेला डुप्लिकेट. २०२२ ला येझदी नावानं ज्या गाड्या परत आल्या त्या फोर स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, त्यांचा एकही भाग या गाडीला उपयोगी नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत असंय की झिजलेला ओरिजिनल पार्ट दुरुस्त होत असेल तर तोच ठेवायचा, चकचकीत डुप्लिकेटच्या मागं लागायचं नाही. माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड दोन ठिकाणी सडलं होतं, तेवढा भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून घेतला. बाजारातलं तयार मडगार्ड पातळ असतं, त्याची गोलाई टायरशी जुळत नाही, ताणून बसवलं की काही महिन्यात बोल्टच्या भोकापाशी चिरतं.

खोलताना प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करनं नाव, आणि काढायच्या आधी फोटो. केबल कुठून कुठं जाते याचे तर भरपूर फोटो काढा. इंजिनच्या कव्हरचे स्क्रू साध्या पेचकसानं काढायला जाऊ नका, डोकी फिरतात, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, हातोडीचा एक ठोका की सुटतात.

इंजिन जाम असेल तर प्लग काढून आत डिझेल आणि टू-टी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनचं ऑइल) समभाग ओतायचं, पिस्टनचा माथा ओला राहील एवढं, आणि सोडून द्यायचं. दोन चार दिवसांनी गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं पुढं मागं हलवायचं. किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, या गाडीची किक आणि गिअरचा दांडा एकच आहे, आतलं काही तुटलं तर दोन्ही गेले. आमचं इंजिन असंच सुटलं. बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे होते म्हणून कोल्हापूरला उद्यमनगरात रिबोअर (आतून थोडं मोठं कापून गुळगुळीत) करून घेतलं.

एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. रिबोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या गॅस आत-बाहेर जायच्या भोकांच्या) कडा धारदार राहतात, त्या बारीक कानसीनं किंवा पॉलिश पेपरनं हलक्या मोडून घेतल्याच पाहिजेत. नाहीतर रिंग पोर्टवरून जाताना अडकते आणि नवीन पिस्टन, नवीन रिंग, सगळं पहिल्याच फेरीत खलास. बरेच बोअरिंगवाले करतात, काही करत नाहीत, आपण विचारायचं आणि बोट फिरवून बघायचं. रिंग सिलेंडरमध्ये नुसती सरकवून तिचा गॅप पण फिलर गेजनं बघा, पाव मिलीमीटरच्या आसपास हवा.

---

कॅफे_रेसर_नाशिक

जबरदस्त धागा भावा. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे पण रोडकिंग आलीय, ८९ ची. मला मात्र ती जशीच्या तशी करायची नाही, कॅफे रेसर करायचीय. मागचा चासीचा भाग सीटच्या मागून कापून छोटा गोल लूप वेल्ड करायचा, सिंगल सीट, खाली क्लिप-ऑन हँडल, एकच सायलेन्सर. वेल्डर ओळखीचा आहे. कुणी केलंय का?

---

नाना_टू_स्ट्रोक

नाशिककर, गाडी तुमची, पण जुना मेकॅनिक म्हणून सांगतो, कापू नका. चासीच्या मागच्या भागावर शॉकॲबचा वरचा जोर येतो. कापून जोडलेला पाइप सरळ रस्त्यावर टिकतो, खड्ड्यात दोन माणसं बसली की वेल्डच्या शेजारी चीर जाते, वेल्डवर नाही जात, त्याच्या शेजारी जाते, कारण तिथला पाइप तापून कडक झालेला असतो. रंगाखाली ती चीर दिसत नाही. मी अशा गाड्या बघितल्यात.

आणि सायलेन्सर एक करणार म्हणताय ते तर मुळीच नको. सिलेंडर एक असला तरी एक्झॉस्टचे पोर्ट दोन आहेत, दोन्ही नळ्या आणि दोन्ही सायलेन्सर त्या हिशोबानं बनवलेत. टू स्ट्रोकला सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नसतो, बाहेर निघालेला ताजा गॅस परत सिलेंडरकडे ढकलायचं काम पण त्याचंच. एक बाजू बंद केली तर खालचा पिकअप जातो आणि इंजिन तापतं.

मिरजकर, तुमचं काम नेटकं चाललंय. आता सीलचं बघा. क्रँकची (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) दोन्ही बाजूची ऑइल सील बदललीत का? ते सांगितलं नाही तुम्ही. गाडी इतकी उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं. डाव्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबतच नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते, लोक बिचारे रिंग बदलत बसतात. उजवं, डायनामोकडचं गेलं तर हवा आत येते, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, आपोआप चढतं. ते जास्त वाईट, कारण पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन धरतो, म्हणजे तापून जाम होतो.

---

मिरजेचा_पाना

नाना, दोन्ही सील आणि मेन बेअरिंग बदललीत. कनेक्टिंग रॉडला वर-खाली प्ले अजिबात नव्हता, बाजूला थोडासा आहे, तेवढा लागतोच ना?

बेअरिंगबद्दल इतरांसाठी लिहितो. "येझदीचं बेअरिंग द्या" असं म्हणत फिरायची गरज नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात चालतो. उदाहरणार्थ ६२०५ लिहिलेलं असेल तर ते जगात कुठंही २५ आतला व्यास, ५२ बाहेरचा, १५ रुंदी असंच असणार. क्रँकला मात्र नंबरपुढे सी-३ लिहिलेलं घ्यायचं, त्यात आत थोडी जास्त मोकळीक असते, गरम झाल्यावर आवळत नाही. सीलचं पण तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी व्हर्निअरनं मोजून न्या.

---

नाना_टू_स्ट्रोक

बरोबर. बाजूचा प्ले लागतो, वर-खाली शून्य हवा.

क्लचचं पण सांगून ठेवतो. या गाडीला गिअर टाकताना दांडा हलला की क्लच आतून आपोआप सुटतो, हात न लावता गिअर पडतो. त्यामुळे क्लचच्या केबलला थोडा ढिलेपणा ठेवावाच लागतो. लोक दुसऱ्या गाडीसारखी केबल आवळून ठेवतात, मग क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, स्लिप होतो, प्लेटा जळतात. नवीन प्लेटा टाकायच्या आधी हे ॲडजस्टमेंट बघा, अर्ध्या वेळा तेवढ्यानंच काम होतं.

---

रत्नागिरीची_सई

मिरजेचे दादा, टाकी कशी साफ केली ते लिहा ना. आमच्याकडे बाबांची येझदी क्लासिक आहे, आणि इथं हवाच अशी की पुसून ठेवलेलं लोखंड पावसाळ्यात दोन दिवसात तांबडं होतं. एका दुकानदारानं सांगितलं की ॲसिड टाका, तासात साफ. भीती वाटली म्हणून केलं नाही.

---

मिरजेचा_पाना

सई ताई, नाही केलंत ते फार बरं केलंत. संडास धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते गंज खातंच पण चांगला पत्रा पण खातं, जोडाच्या फटीत राहिलं तर आतून खातच राहतं, आणि त्याच्या वाफेनं शेजारी ठेवलेली क्रोमची वस्तू पण गंजते.

मी लिंबूसत्व वापरलं, किराणा दुकानात मिळतं ते. आधी पेट्रोल पूर्ण काढून, साबणाच्या गरम पाण्यानं धुवून, मग पाण्यात लिटरमागे साधारण १०० ग्रॅम टाकून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि रात्रभर ठेवली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून तिथं बूच मारायचं. गंज जाड असेल तर आधी मूठभर नट टाकून हलवून घ्या, आणि नंतर मोजून बाहेर काढा. सकाळी ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, म्हणजे आम्लाचा अंश राहत नाही, मग साध्या पाण्यानं, मग ताबडतोब गरम हवेनं वाळवायची. इथं वेळ घालवलात तर डोळ्यादेखत परत पिवळी पडते. वाळली की थोडं टू-टी ऑइल आत टाकून सगळीकडे फिरवून ठेवा.

आतून कोटिंग करायचा आग्रह कुणी केला तरी सध्या नको. जुन्या प्रकारचं कोटिंग इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सुटून येतं आणि त्याचे पापुद्रे थेट कार्ब्युरेटरमध्ये. पत्रा भोकापर्यंत गेला असेल तरच विचार करा आणि इथेनॉलला चालतं असं लिहिलेलंच घ्या.

---

रत्नागिरीची_सई

खूप धन्यवाद दादा, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या पेंटरकाकांचा एक सल्ला मी पण देते. पावसाळ्यात रंग मारू नका. हवेत दमट असलं की लॅकरच्या रंगावर पांढरट धुकं धरतं, चकाकी येतच नाही, मग बफिंग करून करून थर पातळ होतो. काका कोकणात दिवाळीनंतरच गाडी हातात घेतात.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर विचारते, २० टक्के वाल्या पेट्रोलवर या गाड्या चालवायच्या तरी कशा?

---

मिरजेचा_पाना

चालतात, पण काही गोष्टी बदलाव्या लागतात. एक म्हणजे रबर. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, फ्लोटचं पॅकिंग जुनं असेल तर फुगतं किंवा चिकट होतं, नवीन टाका. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी) रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. आणि टाकी अर्धी ठेवू नका, भरलेली ठेवा, जितकी हवा कमी तितकं पाणी कमी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. इथेनॉलमुळे मिक्श्चर पातळ पडतं, कारण त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कार्ब्युरेटरचं जुनं जेटिंग, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते सेटिंग, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं आहे. म्हणून कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घ्या, क्लिप एक घर खाली सरकवली की सुई वर येते, आणि तरी प्लग पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. प्लग विटकरी रंगाचा आला की थांबा. फोर स्ट्रोकला पातळ मिक्श्चर थोडं चालून जातं, टू स्ट्रोकला नाही, पिस्टन धरतोच.

आणि या गाडीला ऑइल पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. रिबोअर झाल्यावर सुरुवातीला लिटरमागे ४० मिली. पंपावर आधी ऑइल ओता मग पेट्रोल भरा, म्हणजे आपोआप ढवळलं जातं.

---

प्रागकर

इथं चेक रिपब्लिकमध्ये नोकरीला आहे, धागा वाचून राहवलं नाही. जावा हे नाव यानेचेक (स्पेलिंग Janeček) आणि वाँडरर (Wanderer) या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून, १९२९ ला यानेचेकनं वाँडरर कंपनीचा मोटरसायकलचा धंदा घेतला तेव्हाचं. इथं जुन्या ३५३ मॉडेलला अजूनही मान आहे, म्हातारी माणसं रविवारी घेऊन निघतात, आणि तिचे भाग आजही नव्यानं बनतात. म्हैसूरला सुरुवातीला जी जावा बनायची ती हीच ३५३, त्यामुळे ज्यांच्याकडे साठच्या दशकातली जावा आहे त्यांना इथून बरंच काही मिळू शकतं. रोडकिंग मात्र म्हैसूरनं नंतर आपल्या हिशोबानं बनवलेली, तिच्यासाठी इथून मागवताना फोटो बघून पैसे भरू नका. माप पाठवा, माप मागवा, मग ऑर्डर.

---

कॅफे_रेसर_नाशिक

सगळं वाचलं. नानांचं चासीच्या चिरेचं पटलं. पण मग आपल्या मनासारखी गाडी करायचीच नाही का? सगळ्यांनी मरून रंग आणि सोनेरी रेघाच ठेवायच्या?

---

मिरजेचा_पाना

अजिबात तसं नाही भावा. कर की मनासारखी. माझी अट एकच, जे लावशील ते पान्यानं सुटलं पाहिजे. चासी कापायची नाही, तिला वेल्ड करायचं नाही, नवीन भोक पाडायचं नाही. हँडल बदल, सीट बदल, आरसे, हेडलाइट, रंग, सगळं बदल. मूळ भाग काढून तेल लावून गोणपाटात गुंडाळून लेबल लावून माळ्यावर ठेव.

कायद्याचं पण बघ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलंय. रंग बदललास तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घे.

अजून एक आहे. २०२१ ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. रोडकिंग १९७८ ला आली, म्हणजे पहिल्या रोडकिंग २०२८ ला पन्नाशीच्या होतील. तुझी ८९ ची, तिला २०३९ उजाडेल. लांब वाटतं, पण तुझ्या मुलाला ती नोंदवावीशी वाटली तर? व्हिंटेज नोंदीनंतर गाडी रोज वापरता येत नाही हे खरं, पण करायची की नाही हे त्याला ठरवू दे ना. कापलेल्या चासीला तो दरवाजाच बंद.

---

नाना_टू_स्ट्रोक

शंभर टक्के सहमत. म्हैसूरहून नवीन चासी आता येणार नाही. कापली की तेवढी एक कमी झाली.

ब्रेकचा विषय राहिला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवू नका, तोंडानं फुंकर तर नकोच. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. आम्ही पूर्वी हे पाळत नव्हतो, कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही तरुण मंडळी घराच्या अंगणात काम करता, घरात लहान मुलं असतात, म्हणून कळकळीनं सांगतो. लायनर नवीन चिकटवून घ्या, ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर हलका कट मारून घ्या. ब्रेक नीट झाल्याशिवाय इंजिन चालू झाल्याच्या आनंदात गाडी रस्त्यावर काढू नका.

---

कॅफे_रेसर_नाशिक

ठीक आहे, ग्राइंडर बाजूला ठेवला. मनापासून सांगतो, २०३९ चं वाचून विचार बदलला, मुलगा आत्ता दोन वर्षांचा आहे.

आता दोन प्रश्न. पावडर कोटिंग करू का साधा रंग? आणि हेडलाइट अगदी मिणमिणता आहे, सहा व्होल्टचं सिस्टिम आहे, एलईडी टाकला तर?

---

मिरजेचा_पाना

पावडर कोटिंग चासीला आणि स्टँडला चांगलं, टिकतं. पण थर जाड बसतो. देण्याआधी हँडलच्या कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या छर्‍यांच्या बेअरिंगची) बैठक, स्विंग आर्मच्या बुशची जागा, सगळे आटे आणि चासी नंबर झाकून द्यायला सांग, स्वतः उभं राहून बघ. सँडब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्यानं गंज काढताना) नंबर पुसट झाला तर आरटीओत पेन्सिलनं छाप उठणार नाही, आणि मग कितीही खरं सांगितलं तरी संशय येतोच. टाकी आणि साइड कव्हरला मात्र साधा रंगच, तिथं लांबी (पुट्टी) भरावी लागते आणि साधी लांबी भट्टीत टिकत नाही.

सायलेन्सर हाताशी आहेत तोवर आतली जाळी काढून कार्बन साफ कर. कॉस्टिक सोड्यात भिजवून निघतो, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियमची कुठलीच वस्तू त्या पाण्यात टाकू नको, विरघळेल.

लाइटचं म्हणशील तर आधी एलईडी नको. आधी अर्थिंग बघ. मल्टिमीटर घेऊन बॅटरीच्या टर्मिनलला किती आणि बल्बच्या होल्डरला किती ते मोज. सहा व्होल्टमध्ये वाटेत एक व्होल्ट गेला तरी उजेड निम्म्याच्या आसपास येतो. हेडलाइटची अर्थ हँडलच्या कोनसेटमधून, ग्रीस लावलेल्या छर्‍यांतून जाते, तिथं भरवसा नाही, एक वेगळी वायर टाकून थेट चासीला जोड. जुनी वायर आतून काळी पडलेली असते, सोलून बघ, काळी निघाली तर पूर्ण हार्नेस नवीन, एका आकारानं जाड वायरची. एवढं करून समाधान नाही झालं तर बारा व्होल्टचं किट बसव, पण डायनामो काढलास तर फेकू नको.

---

कॅफे_रेसर_नाशिक

मोजलं. बॅटरीला ६.२, होल्डरला ४.७. वेगळी अर्थ टाकून बघितली तर ५.६ झालं आणि उजेडात फरक लगेच दिसला. हार्नेस करतोच आता.

सीटचं ठरवलंय, सिंगल सीट चासी न कापता, मूळ सीटच्या बोल्टवर पट्टी टाकून. पण मागं चासीचा भाग उघडा दिसेल, तो झाकायला काय करू?

---

मिरजेचा_पाना

मागच्या भागावर पत्र्याचं छोटं झाकण बनव, सीटच्याच पट्टीला जोडलेलं, म्हणजे चासीला हात लावायला नको. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर ठेवून लांबून बघ, दोन चार वेळा कमी जास्त करावा लागेल. पट्टी ५ मिलीमीटरची घे, पातळ घेतलीस तर इंजिनच्या थरथरीनं चिरेल, आणि पट्टी न् चासीच्या मध्ये रबरी वॉशर. मूळ सीटच्या दोन बोल्टमधलं अंतर, टाकीच्या मागच्या कडेपासून पहिल्या बोल्टपर्यंतचं अंतर आणि मडगार्डची रुंदी एवढी मापं इथं टाक, रविवारी बसून पट्टीचं ड्रॉइंग करून देतो.